एक कुळ, दोन गाद्या



इंद्रायणीच्या या तीरापासून खेडचे रणांगण फार दूर नाही. ऑक्टोबर 1707 मध्ये तेथे भीमाकाठी मराठेच मराठ्यांपुढे उभे ठाकले. एका बाजूस मोगलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज, दुसऱ्या बाजूस महाराणी ताराबाईंची सेना. धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले.

ग्रीसमध्येही अथेन्सची नागरिकसभा आणि स्पार्टाची लष्करी शिस्त सत्तावीस वर्षे झुंजली, पुढे इ.स.पू. 338 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने दुभंगलेल्या ग्रीकांना नमविले.

आपल्या दोन गाद्यांची घडणही निराळी. साताऱ्याने पेशव्यांच्या हाती कारभार सोपविला, सरदारांना सरंजाम दिले. 1758 मध्ये मराठी घोडी अटकेस पोहोचली. पण सरंजाम वंशपरंपरागत होऊन मध्यवर्ती सत्ता सैल पडली. करवीरच्या संभाजीराजांसाठी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र सिद्ध केले. नवी वतने देऊ नयेत, गड जिवापाड राखावेत, टोपीकरांपासून सावध राहावे, हा त्याचा इत्यर्थ. शहाणपण करवीरात आणि सामर्थ्य साताऱ्यात, अशी ही फाळणी!

1731 च्या तहाने वारणा ही सीमा ठरली. भांडण मिटले, घर मात्र एक झाले नाही. 1848 मध्ये इंग्रजांनी साताऱ्याचे राज्य खालसा केले.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये याच देहूतून पालखी सोहळा सुरू केला. राज्ये दोन झाली, तरी वारकऱ्यांचे पंढरपूर एकच राहिले. मतभेद असावेत, परंतु परचक्र आले असता समाज एकदिलाने उभा राहावा, हाच खेडचा बोध आहे.