केरिचोचा चहा आणि केळशीची वाडी

(केळशी येथे बागायतदार व ग्रामस्थांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळवंट, सिंह आणि दुष्काळ एवढेच उभे राहते. वास्तविक कोकण किनाऱ्याला हा खंड कधीच परका नव्हता. केळशीच्या उत्तरेला बाणकोटची खाडी ओलांडून पुढे गेले की जंजिरा लागतो. त्या जलदुर्गावर शतकानुशतके सत्ता गाजविणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. निजामशाहीचा गाडा हाकणारा मलिक अंबर हाही हबशीच. मोसमी वाऱ्यांवर शिडे सोडून अरबी समुद्राची ये-जा करणाऱ्यांना मोंबासा आणि दाभोळ ही एकाच पाण्याची दोन काठे वाटत असत. समुद्र पूर्वी जोडीत होता. तो तोडणारा वाटू लागला तो पुढे, नकाशे साहेबाच्या कचेरीत काढले जाऊ लागल्यावर.

मोंबासाहून आत शिरले की जमीन चढत जाते आणि विषुववृत्तालगत असूनही हवा थंड होत जाते. केनियाच्या पश्चिम भागात, रिफ्ट नावाच्या प्रचंड खचदरीच्या पलीकडे, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर केरिचो आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण चौदाशे मीटर उंच. त्यावरून कल्पना यावी. व्हिक्टोरिया सरोवरावरून येणारे ढग तेथे वर्षातील बहुतेक महिने दुपारनंतर कोसळतात. लाल, खोल, आम्लधर्मी माती आणि बारमाही पाऊस ही चहाची नेमकी गरज. आसामात हिवाळ्यात झुडूप झोपी जाते, खुडणी थांबते. केरिचोत झुडपाला विश्रांती नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी फेर धरून बारा महिने खुडणी चालते. एकच शत्रू मोठा, तो म्हणजे गारपीट. हवामानाच्या पुस्तकांत केरिचोचे नाव गारांसाठीच घेतले जाते. पाव तासाच्या गारांनी कित्येक आठवड्यांचा पाला मातीत जातो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने एका दुपारी काय नेले हे पाहिलेल्या केळशीकरांना याचे वर्णन ऐकविण्याची आवश्यकता नाही.

ही भूमी मूळची किप्सिगिस या गोपालक समाजाची. गाय हे त्यांचे धन, प्रतिष्ठा आणि सोयरीक जमविण्याचे साधन. दूध वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात आंबवायचे. तत्पूर्वी विशिष्ट झाडाच्या जळक्या काठीने तुंबा आतून घासायचा, म्हणजे त्याची राख दुधाला निळसर रंग आणि निराळा वास देते. हे 'मुर्सिक'. किप्सिगिसांच्या भाऊबंद समाजांतून जगाला थक्क करणारे धावपटू निघाले; १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दीड हजार मीटरचे सुवर्णपदक जिंकणारे किपचोगे केईनो त्यांपैकीच. आजही पदक जिंकून परतणाऱ्या खेळाडूच्या ओठांना विमानतळावर मुर्सिकचा तुंबा लावतात. औक्षणाच्या तबकाची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

इंग्रज आले तेव्हा या सुपीक डोंगराळ पट्ट्याला त्यांनी 'गोऱ्यांची उच्चभूमी' ठरवून टाकले. किप्सिगिसांना हटविण्यात आले. प्रतिकार करू शकेल असे तलाई हे धार्मिक नेतृत्वाचे कूळ होते, त्यातील कुटुंबांना १९३४ मध्ये दूर ग्वासी येथे रोगट प्रदेशात नेऊन टाकले. त्यांचे वंशज अद्याप न्याय मागत आहेत. भारतीयांच्या वाट्याला काय आले? मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात भारतातून नेलेल्या बत्तीस हजारांच्या आसपास मजुरांनी घातला. त्यातील सुमारे अडीच हजार तेथेच मेले. परंतु ज्यांच्या घामावर गाडी डोंगर चढली, त्यांना त्या डोंगरावर जमीन विकत घेता येणार नाही, असे धोरण १९०८ पासून ठरून गेले. पंजाबात आणि गुजरातेत नांगर धरणारी माणसे त्यामुळे आफ्रिकेत तागडी धरून बसली. भारतीय हा जात्याच दुकानदार, अशी जी समजूत तेथे रुजली, तिचे मूळ या कायद्यात आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर उघडलेल्या त्या दुकानाला स्वाहिली भाषेत 'डुका' म्हणतात. चपाती, गाडी, विमा हे शब्दही तेथे असेच जाऊन राहिले आहेत.

चहाचे बी लिमुरू येथे १९०३ मध्ये रुजले, तेही भारतातून गेलेले. १९२४ च्या सुमारास ब्रुक बाँड आणि जेम्स फिन्ले या कंपन्यांनी केरिचोत मोठे मळे घातले. आफ्रिकन माणसाने मळ्यावर मजुरी करावी. स्वतःच्या बांधावर चहाचे रोप लावण्यास मात्र त्याला परवानगी नाही. ही बंदी पन्नाशीच्या दशकापर्यंत टिकली. कारण असे देत की, अडाणी शेतकऱ्यांच्या हलक्या मालाने केनियाच्या चहाचे नाव जाईल. पुढे जे घडले त्याने ही भविष्यवाणी पूर्ण उलटी ठरविली.

या संघर्षाच्या ऐन काळात नैरोबीत भारताचे आयुक्त म्हणून एक मराठी माणूस होता, हे महाराष्ट्रात फारसे कुणाच्या ध्यानी नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत हे ते गृहस्थ. सूर्यनमस्कारांचा प्रसार आणि १९३९ च्या राज्यघटनेने गावपंचायतींच्या हाती दिलेला कारभार, या दोन गोष्टींसाठी औंधचे नाव घेतले जाते. त्या संस्कारात वाढलेले आप्पासाहेब १९४८ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखल झाले. तेथील भारतीय व्यापाऱ्यांना त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, गोऱ्यांच्या पंक्तीला बसण्याची आस सोडा. तुमचे भवितव्य या भूमीच्या पुत्रांशी बांधलेले आहे. सल्ला कित्येकांना रुचला नाही. आफ्रिकन तरुणांना भारतीय विद्यापीठांत शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, जोमो केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांसाठी आयुक्तांच्या घराची दारे उघडी राहिली. ऑक्टोबर १९५२ मध्ये आणीबाणी पुकारून केन्याटांवर खटला भरण्यात आला तेव्हा त्यांच्या बचावासाठी भारतातून दिवाण चमनलाल गेले. गोमंतकीय वंशाचे फित्झ डिसोझा यांच्यासारखे स्थानिक भारतीय वकीलही उभे राहिले. वसाहतवाल्यांना आप्पासाहेब डोळ्यांत खुपू लागले आणि १९५४ मध्ये त्यांचा तेथील कार्यकाळ संपला. त्यांचे म्हणणे किती दूरदृष्टीचे होते याचा प्रत्यय १९७२ मध्ये शेजारच्या युगांडात इदी अमीनने सुमारे ऐंशी हजार आशियाईंना नव्वद दिवसांत देशाबाहेर काढले तेव्हा आला. केनियाने मात्र जुलै २०१७ मध्ये आपल्या भारतीय वंशाच्या नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी केळशीकरांनी हे सारे ऐकावे. १९५४ च्या स्विनर्टन योजनेने आफ्रिकन शेतकऱ्याला नगदी पिकांची मुभा मिळाली, विखुरलेले तुकडे एकत्र करून त्यांचे दाखले देण्यास आरंभ झाला. हे काम आणीबाणीच्या दडपशाहीत झाले, तुरुंगात असलेल्यांच्या जमिनींवर अन्यायही झाला. तो झाकण्याचे कारण नाही. परंतु स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्ये 'के.टी.डी.ए.' हे चहा विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि एक विलक्षण प्रयोग उभा राहिला. अर्धा-पाऊण एकर चहा असलेला शेतकरी एकट्याने कारखाना काढू शकत नाही. खुडलेला पाला काही तासांत कारखान्यात पोहोचला नाही तर तो कचरा. म्हणून चालत जाता येईल अशा अंतरावर पाला-केंद्रे उघडण्यात आली. सकाळी बायाबापड्यांनी पाठीवरच्या टोपलीत दोन पाने आणि एक कळी खुडायची, केंद्रावर निवडून वजन करून घ्यायचे; जून पान दिसले की टोपली परत. मालमोटार पाला उचलते आणि त्याच दिवशी तो सुकवून, चिरडून, आंबवून, भाजून काढतात. साधारण साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो.

पैसे दोन हप्त्यांत मिळतात. दरमहा किलोमागे ठरलेली रक्कम, आणि मोंबासाच्या लिलावात चहा ज्या भावाने गेला त्यातून खर्च वजा करून वर्षाअखेर, ऑक्टोबरच्या सुमारास, 'बोनस'. महिन्याच्या पैशात मीठ-साखर भागते. बोनसात मुलांची फी, घरावरचे पत्रे आणि गाय येते. म्हणजे शेतकरी पाला विकून मोकळा होत नाही, चहा विकला जाईपर्यंत तो मालाचा धनी राहतो. २००० मध्ये सरकार यातून बाजूला झाले आणि कारखाने शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपन्यांचे झाले. आज सहा लाखांहून अधिक लहान शेतकरी या व्यवस्थेत आहेत, देशाच्या निम्म्याहून अधिक चहा त्यांच्या तुकड्यांवर पिकतो, आणि काळ्या चहाच्या निर्यातीत केनिया जगात पहिला आहे. लहान शेतकऱ्याचा हातखुडीचा पाला मोंबासात चढा भाव घेतो. हलक्या मालाची भीती घालणारे साहेब हे पाहावयास राहिले नाहीत.

कोकणच्या आंब्याची कथा आठवून पाहावी. पेटी येथे भरायची, रात्री गाडीत चढवायची, वाशीला आडत्याच्या गाळ्यात ती उघडली जायची. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत तेथे वर्षानुवर्षे चालली. बागायतदाराच्या हाती पडते ती पट्टी, आणि पट्टीत लिहिलेले खरे मानावयाचे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; नाव राखले गेले, पण मालावरची मालकी पेटी गाडीत चढताच सुटते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. आडत राहिली. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये जे उभे केले, ते सह्याद्री उतरून खाली का आले नाही, याची उत्तरे पुष्कळ दिली जातात. माणूस मुंबईला गेला, मनिऑर्डरीवर घर चालले, वाडी म्हातारी माणसे राखीत बसली. उत्तर खरे असले तरी पुरे नाही. कोकणी माणसाला एकत्र येता येत नाही हे म्हणणे तर मुळीच पटण्यासारखे नाही. रापण ओढताना सारा गाव दोरीला हात लावतो आणि मासळीचे वाटे रीतीने होतात. केनियात याच वृत्तीला 'हरांबे' म्हणतात, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढणे. केन्याटांनी ते राष्ट्राचे ब्रीद केले. लोकांनी वर्गणी काढून शेकडो शाळा बांधल्या. या शब्दाचे मूळ 'हर अंबे' असल्याची हौशी व्युत्पत्ती आपल्याकडे सांगितली जाते. अभ्यासक ते किनाऱ्यावरच्या आफ्रिकन बोलींतच शोधतात, आणि त्यात आपल्याला कमीपणा वाटण्याजोगे काही नाही.

केरिचोला स्वर्ग समजण्याचेही कारण नाही. मोठ्या मळ्यांवर खुडणीची यंत्रे आली, मजुरांचे काम गेले, आणि मे २०२३ मध्ये संतप्त जमावाने ती यंत्रे पेटवून दिली. शेतकऱ्यांच्या कारखान्यांत संचालकांच्या उधळपट्टीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२० मध्ये नवा चहा कायदा करावा लागला. खचदरीच्या पूर्वेच्या शेतकऱ्याला बोनस अधिक आणि पश्चिमेच्या म्हणजे केरिचोकडच्या शेतकऱ्याला कमी, यावरूनही मने कलुषित आहेत. सर्वांत मोठे गिऱ्हाईक पाकिस्तान; तेथे परकीय चलनाची चणचण झाली की मोंबासाच्या गोदामात पोती साचतात. स्वाहिली बोलीत लाचेलाही 'चाय'च म्हणतात. 'चहापाणी' या मराठी शब्दाला हे ऐकून परदेशात भाऊ भेटल्यासारखे वाटावे.

चहाचे झुडूप तीन-चार वर्षांत खुडणीला येते आणि अर्धशतक टिकते. पोफळीला सात-आठ वर्षे लागतात. 'निसर्ग' वादळानंतर केळशी-आंजर्ले पट्ट्यात ज्यांनी पावसाळा संपण्यापूर्वी रोपे लावली, त्यांची पोफळ आता धरण्याच्या वयाला येत आहे. ती सुपारी सोलून, वर्गवारी करून, एका नावाने विकावयाची की पूर्वीप्रमाणे दारात येईल त्याला द्यावयाची, हा निर्णय येत्या दोन-तीन हंगामांत करावा लागेल. तंत्र विचारावयास दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून हाताशी आहे. अडचण आहे ती सातबाऱ्याची. केनियातला शेतकरी पाऊण एकराचा का होईना, दाखल्यावर एकटा धनी असतो. येथे दहा गुंठ्यांच्या वाडीवर वीस-पंचवीस नावे. त्यांतील निम्मी विरार-डोंबिवलीत, काही परदेशात, काही हयातही नाहीत. एकत्रित खरेदी-विक्रीसाठी उत्पादक कंपनी काढावयाची तर सभासद कोण, कर्ज कोणाच्या सहीने आणि नुकसानभरपाई कोणाच्या खात्यात, हे प्रश्न वादळानंतर पंचनाम्याच्या वेळी प्रत्येक घराने अनुभवले आहेत. चैत्रात महालक्ष्मीच्या उत्सवाला ही सारी नावे गावात येतात. त्या चार दिवसांत तलाठ्याला बोलावून वारसनोंदी आणि वाटपपत्रे पुरी करून घेता येतील. मे महिन्यात आंबा काढणीला लागला की मग कोणालाच सवड नसते.