बटाव्हियातली तेलाची बोलणी
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आखातात एका कारखान्याच्या खरेदी विभागात बावीस वर्षं काढली, एवढंच. २००३ च्या मार्चमध्ये इराकचं युद्ध पेटलं आणि आमचं रसायनांचं जहाज रखडलं. दर सणाला मिठाई पाठवणारा पुरवठादार फोनच उचलेना! तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसला. युद्ध दाराशी आल्यावर माल मागणारा आणि देणारा एकमेकांशी बोलतात तरी काय? उत्तर शोधताना बटाव्हियाची, म्हणजे आजच्या जकार्ताची, ही हकिकत हाती लागली.

साल १९४०. मे महिन्यात जर्मनीने हॉलंड घेतलं, डच सरकार लंडनला गेलं. पण जावा-सुमात्रा आणि तिथलं तेल, रबर, कथील अजून डचांच्याच ताब्यात होतं. जपान चीनमध्ये लढत होता. त्याचं बहुतेक तेल अमेरिकेतून येई आणि अमेरिकेचा हात आखडू लागला होता. सप्टेंबरात जपानचे व्यापारमंत्री इचिझो कोबायाशी बटाव्हियाला आले. समोर होते डच अधिकारी ह्युबर्टस व्हॅन मूक, जन्म जावातल्याच सेमारांगचा.

जपानने मागितलं वर्षाला ३१.५ लाख टन तेल! नाही म्हणावं तर आरमार येणार. हो म्हणावं तर तेच तेल उद्या आपल्यावर येणाऱ्या विमानांत. व्हॅन मूक यांनी दोन्ही टाळलं. तेलाचा व्यवहार कंपन्यांचा, त्यांच्याशी बोला, म्हणाले. त्यातच २७ सप्टेंबरला जपानने जर्मनी आणि इटलीशी करार केला. ज्याने घर लुटलं त्याच्याशी सोयरीक आणि वाणसामान मात्र आमच्याकडून! कंपन्यांनी अखेर मागणीच्या निम्म्याच्या आसपास तेल, तेही थोड्या मुदतीसाठी, कबूल केलं.

दुसऱ्या फेरीला माजी परराष्ट्रमंत्री केन्किची योशिझावा आले. आता डचांना धास्ती, की रबर आणि कथील सायबेरियाच्या रेल्वेने जर्मनीला पोचेल. १७ जून १९४१ ला बोलणी फिसकटली. गंमत बघा, पाचच दिवसांनी हिटलरने रशियावर हल्ला केला आणि तो मार्गच बंद झाला! जुलैत जपानी सैन्य दक्षिण इंडोचीनमध्ये शिरलं. अमेरिका, ब्रिटन आणि डचांनी जपानची मालमत्ता गोठवली, तेल थांबलं. १४ फेब्रुवारी १९४२ ला पालेम्बांगच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांजवळ जपानी छत्रीधारी सैनिक उतरले. ८ मार्चला जावात डचांनी शरणागती पत्करली.

बोलण्यांनी डचांना दीड वर्ष मिळालं, हे खरं. पण मला टोचतं ते वेगळंच. जमीन ज्यांची, त्या जावा-सुमात्राच्या लोकांना त्या टेबलावर खुर्चीच नव्हती. पुढे जपानी अमलात वेठबिगारी आणि उपासमार आली ती मात्र त्यांच्याच वाट्याला.

आपण इथे दुसऱ्यांच्या तेलावर पोट भरतो, म्हणून हे सांगावंसं वाटलं. आणि तो पुरवठादार? तीन आठवड्यांनी त्याचाच फोन आला. म्हणाला, "माल नाही हे सांगायची लाज वाटत होती." मी मालाचं विचारलंच नाही. आधी विचारलं, घरची मंडळी बरी आहेत ना?