मनाचा ताण आणि औषधाचा धीर

(रौप्यमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी आजाराचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु जे दुःख शेजाऱ्यास दिसत नाही त्याची चौकशी करणे हेही धर्मादाय कार्यच होय. म्हणून आज आम्ही नैराश्य ह्या आजाराविषयी चार शब्द बोलणार आहोत.

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ह्या आजाराला निरनिराळी नावे आहेत. कोणी म्हणतो मन लागत नाही, कोणी म्हणतो बाहेरचे झाले, कोणी सरळ आळशी ठरवून मोकळा होतो. जामसावळीच्या मारुतीरायाच्या दर्शनाने मनास धीर येत असेल तर अवश्य जावे. मात्र तेवढ्यावर थांबून डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. आठवडेच्या आठवडे झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, कशातही गोडी न वाटणे, जगणे नकोसे होणे, ही आजाराची लक्षणे आहेत. त्यात रोग्याचा दोष नाही.

हे आम्ही कशाच्या आधारे म्हणतो? मुंबईस कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथे डॉ. विदिता वैद्य ह्या विदुषी सन २००० पासून मेंदूचा अभ्यास करीत आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉक्टरेट मिळविली. त्यांस २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार लाभला.

त्यांचे प्रयोग उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर चालतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलांना पहिले दोन आठवडे रोज तीन तास आईपासून दूर ठेवले. पुढे ती मोठी झाल्यावर अधिक भित्री निघाली. ह्याहून विलक्षण गोष्ट २०१३ साली प्रसिद्ध झाली. असे प्राणी भर तारुण्यात काही बाबतींत इतरांपेक्षा चलाखही दिसले, परंतु मध्यम वयात त्यांची स्मरणशक्ती उतरली आणि मेंदूत नव्या पेशी तयार होण्याचे प्रमाण घटले.

आपण संत्र्याचे बागाईतदार. आपणास ताण हा शब्द नवा नाही. बहार धरण्यासाठी आपण पाणी तोडून झाडाला ताण देतो. पण तो मोठ्या झाडाला आणि मापात देतो; कोवळ्या कलमाला कोणी ताण देत नाही. जे कलमाच्या बाबतीत आपण जाणतो, ते लेकराच्या बाबतीत का विसरावे? घरातली रोजची मारहाण, उपेक्षा, टाकून बोलणे हे मूल विसरले असे दिसते. त्याचा मेंदू कदाचित विसरत नाही. अर्थात बालपणी सोसले तो प्रत्येक जण आजारी पडतोच असेही नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे.

आता औषधाकडे वळू. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातील रेसरपीन घेणारे काही रोगी खिन्न होतात, असे डॉक्टरांना आढळले. आणि ते द्रव्य मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांचा साठा रिकामा करते, असेही दिसले. त्यावरून सेरोटोनिन कमी पडले की नैराश्य येते, असा समज रूढ झाला. आज तो अपुरा ठरला आहे. गोळी सेरोटोनिनवर काही तासांतच परिणाम करू लागते, मग रोग्यास गुण यायला आठवडे का लागतात?

उत्तर असे दिसते की गोळी ही केवळ सुरुवात आहे. त्यानंतर मेंदूच्या पेशींना पोसणारी प्रथिने वाढतात, पेशींचे आपसांतील दुवे बदलतात, काही भागांत नव्या पेशी येतात. २०१९ साली डॉ. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की सेरोटोनिन मेंदूच्या पेशींमधील ऊर्जा निर्माण करणारे घटकही वाढविते. ताण तोडून पाणी सोडले म्हणजे दुसऱ्या दिवशी फूल दिसत नाही; आत काम चाललेले असते. औषधाचेही तसेच. हा विलंब कमी कसा होईल, ह्यावरही त्यांच्या प्रयोगशाळेत काम झाले आहे.

म्हणून आमची विनंती आहे. साधारणपणे पहिला गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. दहा दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या फेकू नका. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका. बरे वाटल्यावरही डॉक्टर बहुधा सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवतात. आरंभीच्या दिवसांत, विशेषतः तरुण मुलामुलींवर, घरच्यांनी लक्ष ठेवावे. एक औषध लागू पडले नाही तर दुसरे असते. आणि औषधाइतकेच मोकळे बोलणे, समुपदेशन, सोबत हेही उपयोगी पडते. घरात कोणी निराश असेल तर फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. एवढ्यानेही जीव वाचतो.

दवाखान्यासाठी आपणास नागपूर परके नाही. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य चालू आहे. आपल्या न्यासाने आजवर हात पुढे केला तो अडलेल्यासाठीच. आता एक काम अधिक घ्यावे, असे आम्ही सुचवितो: अशा रोग्याला नागपूरला नेण्यास एक सोबती आणि येण्याजाण्याचे भाडे. तेही एकदा नव्हे, तर गुण येईपर्यंत, दर खेपेला. कारण ह्या आजारात पहिल्या खेपेला सोबत पुष्कळ मिळते. तिसऱ्या खेपेला रोगी एकटा पडतो, आणि औषध तेथेच सुटते.