रेस खाली येत नाही तेव्हा

घरीच थ्रॉटल बॉडी साफ केली आणि आता गाडी न्यूट्रलला असतानाही रेस खाली येत नाही? तापलेलं पेट्रोल इंजिन साधारण 700 ते 900 आरपीएमवर स्थिरावतं. काटा 1500 वरच राहिला, तर इंजिन बंद करून पाइप तपासा. व्हॅक्यूम पाइप निसटला असेल, तर जादा हवा आत शिरते. इंजिन चालू असताना बारीक ‘स्सऽऽ’ असा आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली गेली नाही ना, तेही पाहा. सगळं जागेवर असेल, तर मेकॅनिककडून स्कॅनरवर आयडलिंग सेट करून घ्या. हा दोष घाटात धोक्याचा ठरतो, आणि पेठहून नाशिकला जाताना वाटेत घाट आहेत. उतारावर वाढलेली रेस गाडीला पुढे रेटते, ब्रेक तापतात. म्हणून आधी दोष काढा, मगच गाडी घाटात घाला.