कष्टकरी कुत्र्याचा डगला



कामगारसभांत घसा बसवलेल्या माणसाने कुत्र्यावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण बॉर्डर टेरियर हा आमच्याच वर्गातला! इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरील डोंगरांत कोल्ह्यांमागे बिळात शिरण्यासाठी तो पोसला गेला. 1920 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. वजन अवघे पाच ते सात किलो.

त्याच्या अंगावर वर राठ केस, आत दाट मऊ लव. राठ केस पाऊस अडवतात, लव ऊब धरते. पुष्कळ मालक सरळ यंत्र फिरवतात. मग मेलेला केस मुळाशी तसाच राहतो आणि अंगावर मऊ, पाणी धरणारी लोकर माजते. म्हणजे कष्टकऱ्याचा डगलाच काढून घेतला की! वर्षातून साधारण दोनदा, केस पिकून सैल झाले की चिमटीने, वाढीच्या दिशेने, थोडे थोडे उपटावेत. पिकलेला केस सहज निघतो. कुत्र्याने अंग चोरले तर हात थांबवावा. तक्रार खरी मानावी. (आमच्या गिरणीच्या साहेबांना हे कधी जमले नाही.)

या जातीतल्या काही कुत्र्यांना झटके येतात. पाय आखडतात, अंग थरथरते, पण शुद्ध जात नाही. अनेकांत त्याचे मूळ गव्हातील ग्लुटेनमध्ये सापडले आहे. असे दिसले, तर लाडाने पोळीचा तुकडा टाकण्याआधी पशुवैद्याला गाठा.