रुळांवर जागा झाली, ती कुणाला मिळणार?



सकाळची लोणावळा लोकल चुकली की दिवसाचं सगळं गणित चुकतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. धुण्याभांड्याची कामं, दवाखान्यातली पाळी, कॉलेज, ऑफिस, सगळं त्या गाडीवर अवलंबून. ही लोकल १९७८ सालापासून धावते आहे. दुपारच्या गाड्या वाढवा, ही प्रवाशांची मागणीही जुनीच. त्यावर नेहमी ऐकू येतं, ‘मार्गावर जागा नाही.’ ही जागा म्हणजे नेमकं काय, ते आज आम्ही सांगणार आहोत.

रुळ पाहिले तर बहुतेक वेळ मोकळेच दिसतात. जागा जाते ती दोन गाड्यांमधल्या अंतरात. भरधाव गाडी ब्रेक लावल्याबरोबर थांबत नाही, तिला शेकडो मीटर लागतात. म्हणून जुन्या पद्धतीत दोन स्टेशनांच्या दरम्यान एका रुळावर एका वेळी एकच गाडी. ती पुढच्या स्टेशनात पोचल्याशिवाय मागची सुटत नाही.

जुन्या वाड्यातला अरुंद जिना आठवा. भरलेला हंडा घेऊन एक बाई चढते आहे आणि ती वर पोचेपर्यंत बाकीच्या खाली उभ्या आहेत. त्याच जिन्याचे तीन टप्पे ठरवून घेतले, तर पहिली पुढच्या टप्प्यावर गेली की दुसरीला निघता येईल. जिना तोच, पण हंडे जास्त चढतील.

स्वयंचलित सिग्नल हेच करतात. दोन स्टेशनांमधल्या रुळांचे लहान लहान भाग पाडतात. प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांना बसवलेलं यंत्र गाडीच्या चाकांच्या जोड्या मोजतं. जितक्या आत गेल्या तितक्या बाहेर आल्या, की तो भाग रिकामा समजायचा. मग मागचा सिग्नल आपोआप बदलतो. मुंबईत बोरीबंदर ते भायखळा स्वयंचलित सिग्नल १९२८ सालीच आले. आपल्या लोणावळा मार्गावर ते अलीकडे, टप्प्याटप्प्याने बसू लागले.

त्याच्या पुढची पायरीही आपल्याच शहरात आहे. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोत गाडी आपण कुठे आहोत ते रेडिओवरून सतत कळवते. मागच्या गाडीने कुठवर आणि किती वेगाने जायचं, ते संगणक ठरवतो. म्हणजे पुढची बाई दिसतेच आहे, तिच्यामागे चार पायऱ्या सोडून चढायचं. मुंबईच्या लोकलसाठीही अशा यंत्रणेला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली.

पण यंत्र आलं म्हणजे सगळं झालं, असं नाही. मेट्रोच्या गाड्या सगळ्या सारख्या. आपल्या रुळांवरून मात्र लोकल, एक्सप्रेस आणि मालगाडी अशा तिघी धावतात. प्रत्येकीची चाल वेगळी, आणि हळू चालणारी पुढे असली की मागचीला थांबावं लागतं. पुणे स्टेशनात फलाट सहाच. फलाट रिकामा नसेल तर गाडी आऊटरला उभी राहते, तिथे सिग्नल कितीही हुशार असून उपयोग नाही. म्हणूनच पुणे–लोणावळा तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाची मागणी सोडून चालणार नाही.

आणि खरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. सिग्नलमुळे दोन गाड्यांमध्ये जी जागा निघेल, ती कुणाला द्यायची हे यंत्र ठरवत नाही. ते वेळापत्रक करणारी माणसं ठरवतात. आणखी एक एक्सप्रेस सोडायची, मालगाडी सोडायची, की दुपारी काम आटोपून घरी निघालेल्या बाईसाठी लोकल? जी मागेल तिचा विचार होण्याची शक्यता जास्त.

म्हणून मैत्रिणींनो, आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा: स्टेशनवर किती वाजता पोचलात, गाडी किती वाजता मिळाली, गर्दी किती होती. आपल्या डब्यातल्या चारचौघींनाही लिहायला सांगा. मग सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन रेल्वेच्या विभागीय कार्यालयात द्या. ‘जागा नाही’ असं उत्तर आलं, तर आता आपल्याला पुढचा प्रश्न विचारता येईल: नवीन सिग्नलमुळे किती जागा निघाली, आणि ती कुणाला दिली?