वर्गाची वही आणि संगणक



प्रशिक्षण वर्गांच्या प्रवेशाची नोंद संगणकावर कशी मांडावी, यावर आम्हाला बोलावयाचे आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. परंतु खाती आणि खातेदार यांची नोंद ठेवण्यात आमची उमेद गेली आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथील मुले शिवण, टायपिंग, संगणक अशा वर्गांना येतात. वही एकच असते. मुलगी टायपिंग संपवून संगणकाला आली की तिचे नाव पुन्हा लिहितात. एकदा 'कॅम्प नं. 4', पुढे 'उल्हासनगर-4'. वर्षअखेरीस मोजले तर एका मुलीच्या दोन मुली! प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी जुळले नाही, तर नोकरीच्या दारात अडते तीच.

घटक आणि त्यांचे संबंध आखून दाखविण्याची रीत पीटर चेन यांनी 1976 साली मांडली. बँकेत एका माणसाची अनेक खाती असतात आणि संयुक्त खात्याला अनेक माणसे. इथेही विद्यार्थी आणि तुकडी यांचे तसेच आहे. म्हणून दोन तक्त्यांच्या मध्ये 'प्रवेश' हा तिसरा तक्ता हवा. त्यात विद्यार्थी क्रमांक, तुकडी क्रमांक, प्रवेशाची तारीख आणि निकाल एवढेच. फी हप्त्याहप्त्याने येते, तेव्हा पावत्यांचा तक्ता वेगळा, तो प्रवेशाला जोडलेला. कारखान्यातली पाळी बदलली म्हणून मुलगा अंबरनाथहून बदलापूरच्या तुकडीत गेला, तर जुनी ओळ खोडू नये. सोडल्याची तारीख घालून नवी ओळ लिहावी.

धर्म आणि प्रवर्ग यांचे रकाने वेगळेच ठेवावेत. 1990 च्या कायदा दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या केंद्रीय आदेशात बौद्धांचाही समावेश झाला. एकाच रकान्यात कुणी 'बौद्ध' लिहितो, कुणी 'अनु. जाती', आणि शिष्यवृत्तीची यादी काढताना हक्काची मुले गळतात.

विद्यार्थी क्रमांक म्हणून आधार क्रमांकच वापरा, असे काहीजण सुचवितात. आम्हाला ते पटत नाही. दहा जणांच्या हाती जाणाऱ्या हजेरीपत्रकावर तो कशाला? संस्थेने आपला क्रमांक द्यावा. नाव, जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घ्यावी, आणि लग्नानंतर नाव बदलले तर क्रमांक तोच ठेवून जुने नावही जपावे.